वस्तू क्रमांक चौदा, पितळी घागर

वस्तू क्र. १४. पितळी घागर. टेंभुर्णी, सन १९४८. जमनाबाई यांनी या घागरीतून, नाक्यावरच्या शिपायांची नजर चुकवून, नाल्यापलीकडे लपलेल्या तरुणांपर्यंत काडतुसे पोहोचवली.

कागदावर एवढंच आहे. काचेच्या पेटीच्या डाव्या अंगाला, चार चिकटपट्ट्यांनी लावलेला कागद. दीड वर्षं मी तो वाचून दाखवत आलेय. वाचून कसलं, आता पाठच झालाय. समोर वीजबिल धरलं तरी तोंडातून घागरच येईल.

मी दीपमाला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि घरात बसवेना म्हणून इथं येते. आठवड्यातले चार दिवस, अकरा ते चार. नवीन जालन्यात स्टेशनच्या मागच्या रस्त्याला बियाण्याचं एक जुनं गोदाम आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर हे संग्रहालय. खाली अजून पोती असतात. औषध लावलेल्या बियाण्याचा वास जिन्यानं वर येतो आणि लढ्याच्या इतिहासात बसतो.

दोन दालनं आहेत. पहिल्यात निजामाच्या राज्यातली शेवटची दोन वर्षं आणि त्यातल्या बाया. दुसऱ्यात हक्क. मत, वारसा, मजुरी, कायदे. मध्ये दार नाही, नुसती भिंत संपते. लोक विचारतात, मॅडम, लढाई कुठं संपली आणि हक्क कुठून सुरू झाले? मी बोटानं दाखवते. बोट दर वेळी वेगळीकडं जातं.

मुलांसाठी माझं बोलणं (तीन मिनिटं)

"एकोणीस वर्षांची सून. डोक्यावर पदर. पदरावर चुंबळ. चुंबळीवर काय?"

घागर!

"शिपायाला वाटलं पाणी असेल. पाणी होतं का?"

नाही!

"मग काय होतं?"

काडतुसं! असं सगळा वर्ग ओरडतो. मागचे दोघं नेहमी बॉम्ब ओरडतात. मी हसते. पुढच्या पेटीकडं जाते.

अभिप्राय वही, त्या महिन्याचं पान

छान माहिती मिळाली. पंखा चालू करावा.

जिना उंच आहे.

जमनाबाईंपासून प्रेरणा मिळाली. मॅडमनी खूप छान समजावून सांगितले. साक्षी, इयत्ता नववी, टेंभुर्णी.

मंगळवार

मंगळवारी शाळा येत नाहीत. मी टेबलाशी डबा उघडत होते तर जिन्यावर काठीचा आवाज. एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग एक पायरी. मी उठून गेले. नव्वदीला टेकलेली म्हातारी, पांढरं पातळ, डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. डोळ्याच्या डॉक्टरकडं आलेली दिसत होती. खाली ऑटोशेजारी साठ-पासष्टीचा एक माणूस वर बघत उभा होता, पण वर येत नव्हता.

"तूच का ती? पोरीला सांगणारी?"

"कोणत्या पोरीला, आजी?"

"आमच्या साक्षीला. टेंभुर्णीहून सहल आल्ती. माझ्या नातवाची पोर ती."

मला वाटलं आभार मानायला आल्या. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी तांब्या बाजूला ठेवला.

"घरी येऊन मला काय म्हणली माहिताय? म्हणली, मोठी आई, तू थापाडी हायेस."

"का बरं?"

"ती इवलीशी होती तवापासून सांगून राह्यले तिला. काडतुसं म्या नेली. आता ती म्हणते, संग्रहालयात लिव्हलंय. जमनाबाईनं नेली. घागर बी ठिवलीय म्हणते, पितळाची. मोठी आई, तुझी टोपली कुठंय?" त्यांनी काठी फरशीवर ठोकली. "आता रातच्याला गोष्ट सांग म्हणत न्हाई. मी बोलाया लागले की मोबाइल काढते. तिच्या मैत्रिणी आल्या की म्हणते, मोठी आईला इचारू नका, ती काय बी सांगते. मी मालन. माझं नाव मालनबाई. तुझ्या कागदात हाये का?"

नव्हतं. मी कागदाकडं बघितलं, जसं काही बघितल्यावर उगवेल.

"मग जमनाबाई काय करत होत्या?"

"ती पुढं चालून राह्यली होती. घागर घेऊन."

"घागरीत काय होतं?"

"पाणी." त्यांनी माझ्याकडं एका डोळ्यानं नीट बघितलं. "बाई, घागरीत काय असतं?"

मी शिक्षिका. चौतीस वर्षं प्रश्न मी विचारले. आता खुर्ची ओढून ऐकायला बसले.

त्यांचं म्हणणं असं. जमना पुढं, मालन तीस पावलं मागं. मालन तेव्हा बारा वर्षांची. नाक्यावर झडती कडक दिसली तर जमना घागर उतरवून चुंबळ नीट करणार. ते बघून मालननं वाटेत बसून पायातला काटा काढायचा. घागर उतरली नाही तर चालत राहायचं. काडतुसं मालनच्या डोक्यावरच्या टोपलीत. असं सहा वेळा. का सात.

"कशाची टोपली?"

"असती एक," म्हणाल्या आणि उठल्या. खालून ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

कागद, दुसरा खर्डा

जमनाबाई व मालनबाई यांनी या घागरीतून

(दोघींनी एका घागरीतून? १९४८? टेंभुर्णी? मालनबाई कोणत्या वस्तीतल्या ते त्यांच्या मुलाच्या नावावरूनच मला कळलं होतं. खाली उभा होता त्याला जाताना त्यांनी धम्मपाल अशी हाक मारली. माझं माहेर वडीगोद्रीचं, तिथल्या तसल्याच वस्तीतलं. त्या काळात आमच्यातल्या मुलीची सावली त्या घागरीवर पडली असती तर घागर घासायला चिंच लागली असती.)

कागद, तिसरा खर्डा

या घागरीच्या मागून

कागद, चौथा खर्डा

या घागरीत पाणी होते.

हा बरा वाटला. पण पाणी असलेली घागर संग्रहालयात कशाला ठेवायची?

श्रेयांस

संग्रहालय श्रेयांस यांनी काढलं. जमनाबाईंचे नातू. बियाण्याचा धंदा, वय पंचेचाळीस, माणूस सरळ. त्यांच्या घराण्याचं दुकान तेव्हा टेंभुर्णीत होतं, नंतर सगळे जालन्याला आले. त्यांना मी सांगितलं तेव्हा ते घागरीसमोर उभे होते आणि उभेच राहिले.

"ताई, दादीनं मला स्वतः सांगितलंय. जायच्या आधी आठ दिवस. तीन वेळा सांगितलं. शेवटच्या वेळी कोण खोटं बोलतं?"

"मालनबाई अजून जिवंत आहेत," मी म्हणाले. हे मला काय म्हणायचं होतं ते मलाही कळलं नाही. त्यांना मात्र काहीतरी कळलं. त्यांचा चेहरा पडला.

"मी त्यांना खोटं म्हणत नाही. बिलकुल नाही. पण काही वस्तू? ती टोपली?"

"टोपली ऐंशी वर्षं टिकते का?"

"घागर टिकली ना."

पितळ टिकतं, बांबू टिकत नाही. म्हणून पितळवाल्यांचा इतिहास. असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं आणि फार बरोबर वाटलं, आणि लगेच संशय आला. बरोबर वाटणाऱ्या वाक्यांनीच तर दीड वर्ष घोळ घातला.

"ठरवा तुम्ही," श्रेयांस म्हणाले. "तुम्हाला बराबर वाटेल ते लिहा. मी सही करतो."

मला हेच नको होतं.

रविवार, टेंभुर्णी

जीपनं गेले. मालनबाईंचं घर स्लॅबचं, निळं, दारावर पंचशीलाचा झेंडा. धम्मपालदादा तहसील कचेरीतून निवृत्त. त्यांनी चहा ठेवायला सांगितला, खुर्ची पुसली, आणि पहिलंच वाक्य: "मॅडम, आईचं वय झालंय. तिचं काही मनावर घेऊ नका."

साक्षी खिडकीशी टेबलावर गणितं करत होती. पाठ आमच्याकडं. वेणीला निळी रिबन. मला बघून तिनं "नमस्ते मॅडम" केलं, मोठ्या आनंदानं, आणि परत पाठ केली. माझ्यावर तिचा विश्वास होता. त्याचंच ओझं झालं होतं.

मी वही काढली. "आजी, टोपलीत काय असायचं? वर काय ठेवायचात?"

मालनबाईंनी धम्मपालकडं बघितलं. धम्मपाल पंख्याकडं बघत होते.

"भाकरी," मालनबाई म्हणाल्या. "भाकरीची टोपली."

आता माझ्या जिभेला हाड नाही. चौतीस वर्षं वह्या तपासल्या की माणूस समोर कोण आहे बघत नाही, चूक दिसली की लाल पेन.

"पण आजी, भाकरी कशी? त्या साली भाकरी नेणाऱ्या बाईलाच आधी अडवत होते. लपलेल्या पोरांना जेवण जातंय म्हणून. आमच्याकडं तीन बायांच्या मुलाखती आहेत, तिघींच्या भाकरी नाक्यावर मोडून बघितल्यात. भाकरीखाली काडतुसं पहिल्याच दिवशी सापडली असती."

पेन्सिल थांबली. साक्षीनं खुर्चीसकट वळून बघितलं.

"बघ, मोठी आई," ती म्हणाली. "मॅडम पण म्हणतात."

रागानं नाही म्हणाली. थकून म्हणाली, जसं माणूस घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलतं. मालनबाईंनी चहाचा कप बशीत ठेवला. तो कलंडला. कुणी पुसला नाही.

मी गेले होते म्हातारीला खरं ठरवायला. आणि.

वाट, घर ते जीपचा थांबा

"मी येते तिला सोडाया," मालनबाई म्हणाल्या आणि काठी घेऊन निघाल्या. धम्मपालदादा नको नको म्हणत राहिले. आम्ही दोघी सोयाबीनच्या कडेनं चाललो. त्या तीस पावलं चालल्या की थांबायच्या.

"मला माफ करा, आजी. मी उगाच..."

"खरं बोललीस. भाकरी न्हवतीच."

"मग?"

"पड होतं."

मी थांबले. त्या पुढं गेल्या. मागं वळून म्हणाल्या, "का गं? पाय मोडला?"

पड म्हणजे मेलेलं ढोर. गावात ढोर मेलं की आमच्या लोकांनी ओढायचं, फाडायचं, आणि त्याचं मांस आणायचं. हे मला कुणी सांगितलं ते आठवत नाही, कारण सांगितलंच नाही. आमच्या घरात तो शब्द नव्हता. छप्पन सालानंतर फोटो बदलले, सण बदलले, आणि तो शब्द कुणीतरी गावाबाहेर नेऊन पुरला. मी एकदा लहानपणी कुठूनतरी ऐकून बोलले तेव्हा वडिलांनी मला मारलं होतं. त्यांनी आयुष्यात एकदाच मारलं, ते तेव्हा.

"वर मांस. दोन दिसाचं, उन्हाळ्याचं. माशांचं मोहोळ. खाली फडक्यात काडतुसं. शिपाई दहा हात लांबूनच नाक धरायचे. एक तर वकला. म्हणायचे, जल्दी निकल, जल्दी निकल. सगळ्या गावाच्या टोपल्या उघडल्या त्यांनी. माझ्या पाटीला एक डाव काठी बी न्हाई लावली."

"आणि काडतुसं टोपलीत ठेवायचं कोण?"

"जमना. दुकानाच्या मागल्या दारी. मला तर दाराला शिवायची बी चोरी. मी पाटी खाली ठिवायची, लांब व्हायचं. मंग ती बाहेर यायची, हिकडं तिकडं बघायची, अन् हात घालायची." त्यांनी स्वतःचा हात कोपरापर्यंत दाखवला. "हितवर. बांगड्या भरायच्या. मंग राखेनं धुवायची, धुवायची, धुवायची."

"घरात माहीत होतं?"

"येडी हायेस का? काडतुसं नेते हे त्यांना चालत होतं. नवऱ्याचंच काम ते, अमृतलालचं. पण हात घातला हे कळलं असतं तर तिला चुलीपाशी येऊ दिलं असतं? तिनं घरात सांगितलं, घागरीतून नेते. मला म्हणली, मालन, तू बी तसंच सांग. मी कुणाला सांगणार होते?"

जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, बसा मावशी, जागा हाये. मी बसले नाही. जीप गेली.

"साक्षीला का नाही सांगितलं?"

"धम्मपाल म्हणला, ते नाव घरात काढायचं न्हाई. आपण टाकलं ते टाकलं. बराबर हाये त्याचं. लई सोसलंय त्यानं शाळंत. मंग मी पाटीत भाकरी घातली." त्या हसल्या. दात दोनच. "तू मोडलीस ती भाकरी. आता तूच सांग तिला. तुझं ऐकती."

"काय सांगू?"

"जे हाये ते."

"तो शब्द?"

"तुला म्हणता येतो का बघ आधी."

मी तोंड उघडलं. सोयाबीनमध्ये कुणी नव्हतं. तरी आला नाही.

कागद, सातवा खर्डा

(कोरा. पाचवा आणि सहावा फाडला. सहाव्यात "मृत जनावरांचे अवशेष" असं लिहिलं होतं. ते वाचल्यावर कुणी नाक धरलं नसतं.)

फोन, सोमवार

"मॅडम, धम्मपाल बोलतोय. आईनं मला सांगितलं, तुम्हाला काय सांगितलं ते. तुम्ही आपल्यातल्या, म्हणून बोलतो. पोरगी अकरावीला शहरात जाईल. मैत्रिणी असतील. हे तिच्या मागं कशाला लावायचं?"

"आजी खोट्या ठरतायत, दादा."

"ठरू द्या की. दोन वर्षांनी विसरेल पोर."

"आजींना दोन वर्षं आहेत का?"

"उद्या येतो घेऊन," म्हणाले. "पण मी वर येणार नाही." त्यांना राग आला होता की नाही, मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही.

मंगळवार, दुसरा

ते वर आले. आईचा हात धरून, पायरी पायरी. मागं साक्षी, गणवेशात, अर्धी शाळा बुडवून, तोंड फुगवून. श्रेयांस आधीच आले होते. मी त्यांना रविवारचं सगळं सांगितलं होतं, तो शब्द सोडून. "टोपलीत घाण होती" एवढंच मी म्हणाले होते. त्यांनी मान हलवली होती.

ते मालनबाईंच्या पाया पडायला वाकले. मालनबाई मागं सरकल्या. मग कुणाला काय करावं कळेना, म्हणून श्रेयांसनी काचेच्या पेटीची किल्ली काढली.

"आजी, घागर बाहेर काढू? हात लावून बघा."

"कशाला? तवा शिवायची न्हाई म्हणून न्हाई शिवले. आता शिवावं वाटत न्हाई."

किल्ली त्यांच्या हातातच राहिली.

"मॅडम, मला सहावा तास आहे," साक्षी म्हणाली.

मी घागरीशेजारी उभी राहिले. रोजची जागा. पाय आपोआप जुळले. "मुलांनो," मी म्हणाले. समोर एकच मूल होतं. ते हसलं नाही.

"साक्षी, त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं ते चूक होतं. या घागरीत पाणी होतं. काडतुसं तुझ्या पणजीच्या टोपलीत होती."

"भाकरीच्या?"

"नाही."

"मग कशाच्या?"

धम्मपालदादा हक्कांच्या दालनातल्या जुन्या मतपेटीसमोर उभे राहून तिच्यावरचा कागद वाचत होते. एकच ओळ, पण ते वाचतच होते. श्रेयांस माझ्याकडं बघत होते. खालून कुणीतरी पोतं टाकल्याचा आवाज आला.

"टोपलीत... त्या काळी जे..." मी म्हणाले. "म्हणजे आपल्या लोकांना जे काम... शिपाई ज्याला हात..."

"मॅडम, तुम्हाला पण माहीत नाही ना?" साक्षी म्हणाली. आता तिचा चेहरा माझ्यासाठी तसाच झाला, आजारी माणसासाठी होतो तसा.

"बोल की," मालनबाई म्हणाल्या. "का तुझ्या बी पोराबाळांना कळंल म्हणून भेतीस?"

माझी मुलगी पुण्यात आहे. तिला माहीत नाही. तिच्या मुलाला तर माझं माहेरही नीट माहीत नाही.

"पड," मी म्हणाले.

आवाज मोठा आला. दालन रिकामं असलं की घुमतं.

"म्हणजे?"

"मेलेल्या ढोराचं मांस. दोन दिवसांचं. उन्हाळ्यातलं. त्याला माशा बसलेल्या, पाणी सुटलेलं. ते टोपलीत भरून तुझी पणजी डोक्यावर घेऊन नाक्यावरून जायची. बारा वर्षांची होती. काडतुसं त्याच्या खाली. आणि ती खाली ठेवायला जमनाबाई त्यात कोपरापर्यंत हात घालायच्या."

श्रेयांसनी काचेला हात टेकवला. "दादीनं?" मग कुणालाच नाही असं म्हणाले, "आमच्या घरात कांदासुद्धा येत नव्हता." ते आणखी काही म्हणणार होते. त्यांना अभिमान वाटत होता की शिसारी येत होती, हे त्यांच्या तोंडावरून सांगता येत नव्हतं. धम्मपालदादांनी मतपेटीवरून नजर काढली नाही, पण त्यांची मान लाल झाली होती.

आणि साक्षी म्हणाली, "ई!"

मोठ्यानं. तिनं ठरवून म्हटलं नाही. तोंडातून निघालं, आणि हात नाकावर गेला, नाकपुड्या दाबून, आणि ती एक पाऊल मागं सरली. मोठ्या आईपासून मागं.

धम्मपालदादा झटक्यानं वळले. मला वाटलं, संपलं. हेच तर ते म्हणत होते. मी काय करून बसले.

मालनबाई हसायला लागल्या. आधी नुसतं पोट हललं, मग आवाज आला. काठी हातातून सुटली. हिरव्या पट्टीखालून पाणी यायला लागलं.

"हां!" त्या म्हणाल्या. "हां! असंच! बराबर असंच! अगदी अस्संच नाक धरलं गं त्यानं, अन् असंच मागं सरला!" त्यांनी श्रेयांसच्या दंडावर थाप मारली. "बघा, बघा पोरीला. हाच तो शिपाई!"

साक्षी तशीच उभी होती. "म्हणजे," ती नाक दाबलेल्या आवाजात म्हणाली, "म्हणजे कुणी बघितलंच नाही आत?"

"कोण बघंल? तू बघितलं असतं?"

साक्षीनं मान हलवली. नाही. मग बराच वेळ ती मोठ्या आईकडं बघत राहिली, वरपासून खालपर्यंत, जसं नव्या माणसाकडं बघतात. हात अजून नाकावरच होता. तो आता खाली घ्यावा की तसाच ठेवावा, तिला कळत नव्हतं.